मानेमागचं पाणी

अकरा आठवडे पुरे झाले की चौदा पुरे होईपर्यंत बाळाच्या मानेमागे पाण्याची एक बारीक काळी पट्टी दिसते. कातडीच्या आत साठलेलं पाणी. सगळ्याच बाळांना असतं. आधी ते मोजण्याजोगं नसतं, नंतर बहुधा जिरून जातं. बाळ निरोगी असो नसो, जिरतं. मधल्या तीन आठवड्यांत ते किती जाड आहे हे मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत मोजायचं आणि त्यावरून अंदाज बांधायचा, की या जीवाच्या पेशींत गुणसूत्रं नेमाप्रमाणे ४६ आहेत की एखादं जास्तीचं आलंय. बरीच वर्षं मी हेच करते आहे, तरी नवल सरलेलं नाही. जी गोष्ट जन्मभर सोबत राहणार, तिची खूण तीन आठवड्यांपुरती उमटते आणि कुणी बघितली नाही तरी आपल्या वेळेला निघून जाते.

माझं सोनोग्राफी सेंटर शीळफाट्याला आहे. खाली टायरवाला, बाजूला हार्डवेअर, वर मी. जुना मुंबई-पुणे रस्ता मुंब्रा-कौशाहून इथे येतो, महापेचा रस्ता त्याला इथेच मिळतो, आणि जरा पुढे कल्याण फाट्याला डोंबिवली-कल्याणची वाट सुटते. न्हावाशेवा बंदरातले कंटेनर भिवंडीच्या गोदामांकडे जातात ते इथूनच. उड्डाणपूल झाला, रस्ता काँक्रीटचा झाला, मेट्रोचे खांब उभे राहिले. आता बुलेट ट्रेनचं २१ किलोमीटरचं भुयार बीकेसीहून ठाणे खाडीच्या तळाखालून येऊन शीळफाट्यालाच वर निघणार आहे. वरच्या रस्त्यावर मात्र तीच कोंडी. रोज दोन-तीन फोन ठरलेले: "मॅडम, फाट्यावर अडकलोय, नंबर पुढे ढकलाल का?" ढकलते. तासा-दोन तासांचा उशीर मला चालतो. न चालणारा उशीर वेगळा आहे, त्याबद्दल पुढे.

बाकावर बसलेल्या बायका बघितल्या की हा भाग किती लवकर बदलला ते कळतं. पलावाच्या टॉवरमधून लॅपटॉपची पिशवी घेऊन आलेली, डायघर-पडल्याची आगरी सून आणि तिच्यासोबत नाकात नथीएवढी मोठी चमकी घातलेली सासू, मुंब्र्याहून रिक्षाने आलेली नकाबातली मुलगी, भंगाराच्या गोदामामागे राहणारी गोरखपूरची. सगळ्यांना पाणी पिऊन यायला सांगितलेलं असतं, त्यामुळे सगळ्या सारख्याच अवघडून बसलेल्या. आणि समोर भिंतीवर तो बोर्ड: येथे गर्भलिंग निदान केले जात नाही, तो कायद्याने गुन्हा आहे. मग एफ फॉर्म. नाव, पत्ता, आधीची मुलं किती, सोनोग्राफी कशासाठी. खाली तिचं निवेदन की मला मुलगा की मुलगी हे जाणून घ्यायचं नाही, आणि सही. सही येत नसेल तर अंगठा. मग माझं निवेदन, की मी बघितलं नाही आणि सांगितलं नाही. महिन्याच्या ५ तारखेच्या आत सगळ्याचा अहवाल महापालिकेकडे. नव्या डॉक्टरांना याचा वैताग येतो. मला येत नाही. का येत नाही तेही पुढे येईल.

आत अंधार असतो. जेल थंड लागते म्हणून प्रत्येकीचं पोट एकदा आकसतं. मग पडद्यावर करड्या धुक्यात एक जीव दिसतो, बाराव्या आठवड्यात साडेपाच-सहा सेंटिमीटरचा, आणि बाई म्हणते, "हे एवढं हलतंय ते तोच का?" तिला अजून पोटात काही जाणवत नसतं. आत मात्र उड्या चाललेल्या असतात.

माप घेण्याची रीत कडक आहे. डोक्यापासून ढुंगणापर्यंत बाळ ४५ ते ८४ मिलिमीटर भरलं पाहिजे; कमी-जास्त असेल तर मानेचं माप घ्यायचंच नाही. ते अगदी बाजूने दिसायला हवं. चित्र इतकं मोठं करायचं की पडद्यावर डोकं आणि छातीचा वरचा भाग एवढंच उरेल. मान सरळ हवी. त्याने मान मागे टाकली असेल तर माप ०.६ मिलिमीटरपर्यंत फुगतं, हनुवटी छातीला लावली असेल तर ०.४ पर्यंत घटतं, आणि या एवढ्याशा फरकाने कुणाच्या तरी घरातली झोप उडू शकते. शिवाय कातडीला समांतर आणखी एक रेघ असते, ती गर्भावरणाची. बाळ त्याला पाठ टेकून पडलं असेल तर दोन्ही रेघा एकच वाटतात. अशा वेळी हुशारी कामाची नाही, थांबावं लागतं. मी बाईला खोकायला सांगते, कुशीवर वळवते, बाहेर दोन चकरा मारून ये म्हणते. खाली हॉर्न वाजत असतात, बाकावरच्या बायका "अजून किती वेळ" म्हणून रिसेप्शनच्या मुलीला छळत असतात, आणि मी एका बोटभर जिवाने पाठ सोडवून घ्यावी म्हणून त्याच्या तोंडाकडे बघत बसलेली असते. मग तो एकदम उसळतो, आवरणापासून सुटतो, दोन रेघा वेगळ्या होतात. तेवढ्यात चित्र गोठवायचं आणि काट्याच्या दोन टोकांनी ती काळी पट्टी मोजायची. शंभरात एखाद्याचंच माप ३.५ च्या वर जातं. त्याच चित्रात नाकाचं हाडही बघून घ्यायचं. वर कातडीची रेघ, खाली तिला समांतर हाडाची जाड रेघ. खालची दिसली नाही तर मी पुन्हा थांबते.

मानेमागच्या या पाण्याचा आणि गुणसूत्रांचा संबंध १९९२ साली लंडनच्या किप्रोस निकोलायडिस यांनी मांडला. पण तेही मागे बोट दाखवतात, १८६६ कडे. सरे परगण्यातल्या अर्ल्सवुडच्या आश्रयगृहात जॉन लँग्डन डाउन या डॉक्टराने तिथल्या काही मुलांचं वर्णन लिहून ठेवलं: नाक लहान, कातडी अंगाच्या मापाहून मोठी वाटावी अशी सैल. (डोळ्यांवरून त्याने या मुलांना आशियातल्या एका मानववंशाचं नावही चिकटवलं. आमच्या जुन्या पुस्तकांत ते नाव होतं. गेलं ते बरं झालं.) १९५९ मध्ये पॅरिसला जेरोम लेज्यून, मार्थ गोतिये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या मुलांमध्ये २१ वं गुणसूत्र दोनाऐवजी तीनदा असतं. कातडीला बळ देणाऱ्या कोलॅजेनच्या एका प्रकाराची काही जनुकं त्याच २१ व्या गुणसूत्रावर आहेत. हृदयाच्या घडणीतला दोष, लसिकावाहिन्यांना तयार व्हायला लागलेला उशीर, अशीही कारणं सांगतात. डाउनने चालत्याबोलत्या मुलांत जी सैल कातडी पाहिली, ती १२६ वर्षांनी तिसऱ्या महिन्यातल्या गर्भात पाणी भरलेली दिसली.

आणि ज्या यंत्राने ती दिसली ते मुळात पोटासाठी नव्हतंच. ग्लासगोचे स्त्रीरोगतज्ज्ञ इयान डोनाल्ड युद्धात हवाई दलात होते, रडार पाहिलेले. १९५५ च्या जुलैत त्यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी दोन मोटारींच्या डिकीत घातल्या आणि रेनफ्र्यूच्या बॅबकॉक अँड विलकॉक्स कंपनीत नेल्या. ही कंपनी बॉयलर बनवणारी. धातूतले तडे शोधायला तिथे ध्वनिलहरींचं यंत्र होतं; त्याने पाण्याची गाठ कुठली आणि मांसाची कुठली ते नीट वेगळं करून दाखवलं. १९५८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये निबंध आला. मला ही गोष्ट शीळमध्ये बसून आठवते तेव्हा तिला दुसरीच एक जोडली जाते. ४ एप्रिल २०१३ ला इथल्याच लकी कंपाउंडमध्ये बांधकाम चालू असलेली इमारत पडली. खालच्या मजल्यांवर माणसं राहायलाही आली होती. ७४ जण गेले. तडे शोधण्यासाठी जन्मलेलं यंत्र मी रोज बायकांच्या पोटावर फिरवते आणि त्या इमारतीकडे बघायला कुणाला फुरसत झाली नव्हती.

माप घेऊन काम संपत नाही. आईचं वय, पाण्याची जाडी आणि डबल मार्करच्या रक्तातले दोन आकडे एकत्र करून संगणक एक आकडा देतो. विशीतल्या बाईला डाउन सिंड्रोमचं मूल होण्याचा संभव साधारण १५०० त १, पस्तिशीला ३५० त १, चाळिशीला १०० त १. हे नुसत्या वयाचं. चाचणीनंतर ते वर-खाली सरकतं. या पद्धतीने डाउन सिंड्रोमच्या शंभरातली नव्वद बाळं हेरली जातात, आणि त्यासाठी शंभरातल्या पाच निरोगी गर्भांच्या आयांना उगाच घाबरवावं लागतं. आम्ही याला चांगली चाचणी म्हणतो. ती चांगली आहेच. पण १८० त १ असा आकडा हातात घेऊन जिना उतरणाऱ्या बाईला ते चांगलेपण कुठून दिसावं? तिला सर्वांत जास्त छळतो तो एक. कुणी सांगावं, तो एक माझाच असेल.

एकदा वाशीच्या बाजारात आंब्याचा व्यापार करणारे एक गृहस्थ लेकीसोबत आले होते. आकडा २०० त १. लेक रडायला लागली. ते म्हणाले, "मॅडम, दोनशे पेट्या उतरवल्या आणि एकच खराब निघाली तर मी देवापुढे नारळ फोडीन." मग जरा थांबून, लेकीकडे न बघता म्हणाले, "पण गिऱ्हाइकाच्या घरी ती एकच गेलेली असते." इतकं चोख स्पष्टीकरण मला कुठल्याच परिषदेत ऐकायला मिळालेलं नाही.

पाचव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत खुणा बदलतात. पाणी जिरलेलं असतं. आता हृदयात पांढरा ठिपका, मेंदूतल्या जलजालात पाण्याचे बुडबुडे, मूत्रपिंडाचा किंचित फुगार, आतडं हाडासारखं चमकणं, मांडीचं हाड जरा आखूड, नाळेत दोनाऐवजी एकच रोहिणी. यांतल्या बऱ्याच खुणांना आमच्यात 'सॉफ्ट मार्कर' म्हणतात. एकेकटी खूण दोष नसतेच. फक्त संशयाचा काटा कणभर हलतो. हृदयातला ठिपका म्हणजे स्नायूच्या टोकाला जमलेले चुन्याचे कण. आशियाई वंशाच्या बाळांमध्ये तो अधिकच दिसतो, हृदयाला त्याचा काही त्रास नाही, आणि आधीच्या चाचण्या चांगल्या असतील तर त्याच्यामागे लागू नये असंच आता तज्ज्ञ सांगतात. पण अहवालात "हृदयात पांढरा ठिपका" अशी ओळ छापली गेली की तिचं काय होतं? ती दिव्याच्या रिक्षात उघडली जाते. मोबाइलवर शोधली जाते. रात्री गावाला फोन जातो, सकाळी गावाहून अंगारा निघतो. बाळंतपण होईपर्यंत, कधी बाळ शाळेत जाईपर्यंत, घरातल्या कुणाच्या तरी मनात तो ठिपका राहतो. बाळाच्या हृदयातून तो केव्हाच दिसेनासा झालेला असतो. म्हणून मी तो लिहिते, पण आधी तोंडाने सांगते, आणि नवऱ्याला आत बोलावून पुन्हा सांगते, आणि सासू आली असेल तर तिलाही. वेळ जातो. त्या वेळाची पावती फाडता येत नाही, म्हणून बहुतेक ठिकाणी तो दिला जात नाही, हे माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्या खुणांत मला मूठ आवडते. आवडते म्हणजे, तिची वाट बघायला आवडतं. १८ व्या गुणसूत्राची तिसरी प्रत असली, म्हणजे ज्याला एडवर्ड्स सिंड्रोम म्हणतात तो असला, की बाळाची मूठ आवळलेली राहते. तर्जनी मधल्या बोटावर चढलेली, करंगळी अनामिकेवर. ती उघडत नाही. यातली बहुतेक बाळं वर्षही काढत नाहीत. पण निरोगी बाळंही मुठी मिटतातच, खूप वेळ मिटून ठेवतात. नुसत्या मिटलेल्या मुठीवरून काही ठरवता येत नाही, ती उघडते का ते बघावं लागतं. मेंदूत ते बुडबुडे दिसले की मी मुठीपाशी प्रोब नेते आणि बसते. पाच मिनिटं, दहा मिनिटं. आई विचारते, काय बघताय? मी म्हणते, हात. आणि मग एखाद्या क्षणी ती मूठ सैल होते, बोटं एक एक करून सुटतात, करंगळी शेवटी, आणि पंजा पडद्यावर अख्खा पसरतो. पाचही बोटं दिसतात. मेंदूतल्या त्या बुडबुड्यांची, एकटेच असतील तर, मग भीती उरत नाही. सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत ते बहुधा आपोआप जातात. डायघरच्या एका आजींना मी तो पंजा दाखवला तेव्हा त्यांनी पडद्याला हात जोडले. "बाय, पोर बरा हाय नं?" हात बरा आहे, म्हटलं. जे पाहिलं तेवढंच सांगायची सवय लावून घ्यावी लागते. आजींना ते आवडलं नाही. त्यांना अख्खं पोर हवं होतं.

एफ फॉर्मचा मला वैताग का येत नाही, ते आता सांगते. गर्भजलाची सुई आपल्याकडे सत्तरच्या दशकात आली ती गुणसूत्रांचे दोष शोधायला. पण गुणसूत्रं मोजायला घेतली की मुलगा की मुलगी हे पहिल्याच नजरेत दिसतं. थोड्याच वर्षांत मुंबईत त्या सुईचा मुख्य धंदा तोच झाला. १९८६ मध्ये मुंबईतल्या कार्यकर्त्यांनी त्याविरुद्ध फोरम उभा केला. आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने कायदा केला, देशातला पहिला. केंद्राचा १९९४ चा, अमलात आला १९९६ पासून. २००० मध्ये 'सेहत' आणि पुण्याची 'मासूम' या संस्था आणि कार्यकर्ते साबू जॉर्ज सर्वोच्च न्यायालयात गेले, तेव्हा कुठे त्याची अंमलबजावणी हलली आणि २००३ मध्ये तो सुधारला. त्या कायद्याने गर्भाची तपासणी कशासाठी करता येईल याची जी यादी दिली, तिच्यात पहिलंच नाव गुणसूत्रांच्या दोषांचं आहे. म्हणजे एकाच पडद्यावर दिसणारी एक गोष्ट मी जिभेवर येऊ द्यायची नाही, आणि दुसरी, अधिक जड, सांगितल्याशिवाय सोडायचं नाही. गुणसूत्रांच्या अहवालातही बाळाचं लिंग झाकलेलं येतं. एके ठिकाणी मात्र हे झाकणं अवघड होऊन बसतं. मानेभोवती पाण्याची मोठी पिशवी दिसली आणि तपासात एक्स गुणसूत्र एकच निघालं, तर तो टर्नर सिंड्रोम. आणि टर्नरचं नाव घेतलं की ती मुलगी आहे हे त्यातच आलं.

आता तो उशीर. १९७१ च्या कायद्याने गर्भपाताला २० आठवड्यांची मर्यादा घातली, तेव्हा गर्भाच्या आत बघण्याची सोय जवळपास नव्हतीच. पुढे यंत्रं आली, पण पाचव्या महिन्याची सोनोग्राफी होते १८ ते २० आठवड्यांत. खूण दिसली तर गर्भजल घ्यायचं, पेशी वाढवायच्या, गुणसूत्रं मोजायची, त्यात दोन-तीन आठवडे. उत्तर यायच्या आधी मुदत संपलेली. २००८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या भाईंदरच्या एका जोडप्याला चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास बाळाच्या हृदयातला गंभीर दोष कळला. डॉ. निखिल दातार यांच्यासह ते उच्च न्यायालयात गेले. परवानगी मिळाली नाही. काही दिवसांतच गर्भ आपोआप पडला. २०१७ मध्ये मुंबईची ३७ वर्षांची एक बाई सर्वोच्च न्यायालयात गेली, पोटात २६ आठवड्यांचं डाउन सिंड्रोमचं बाळ. तिलाही नाही म्हटलं गेलं. २०२१ मध्ये कायदा सुधारला: काही ठरावीक परिस्थितींत २४ आठवडे, आणि वैद्यकीय मंडळाने गंभीर दोष ठरवला तर आठवड्यांची अटच नाही. बदल मोठा आहे आणि योग्य आहे. पण मंडळापर्यंत पोचायला जे. जे. किंवा परळ गाठावं लागतं, कागद लागतात, सोबत कुणी तरी लागतं, रोजंदारी बुडते. कोर्टात जाणाऱ्यांची नावं पेपरात येतात. शीळफाट्याहून जे. जे.पर्यंत न पोचलेल्यांची कुठे नोंद नाही.

मेट्रोच्या कामावर असलेल्या एकाची बायको आली होती, परभणीकडची. (माणसं ओळखू येऊ नयेत एवढे बदल मी इथे केले आहेत.) बावीस आठवडे. आधी कुठेच दाखवलेलं नव्हतं. पाच महिने गावी होती, नवऱ्याकडे आली तेव्हा मुकादमाच्या बायकोने हट्टाने पाठवली. मानेमागचं पाणी तिच्याही बाळाला कधी तरी असेल. ते कुणी पाहिलं नाही. मला दिसलं ते हृदय: मधोमध जिथे पडदे येऊन मिळायचे तिथे मोकळी जागा, चार कप्प्यांचं एकच दालन. अशा हृदयाच्या बाळांपैकी निम्म्याच्या आसपास डाउन सिंड्रोमची असतात. मी तिला खुर्चीत बसवलं, कागदावर हृदय काढून दाखवलं, परळच्या दवाखान्याची चिठ्ठी दिली, गर्भजलाची तपासणी काय असते ते सांगितलं, मंडळाचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मंग आता येऊ द्या की जे आलंय ते." हा निर्णय होता की दुसरं काही जमणार नाही हे तिने ओळखलं होतं, मला सांगता येत नाही. बाराव्या आठवड्यात ती येती तर हेच म्हणती का? कदाचित हेच म्हणती. पण तेव्हा ते तिचं स्वतःचं म्हणणं झालं असतं. ती पुन्हा आली नाही. खुणांवर, त्यांच्या टक्केवारीवर आम्ही डॉक्टर तासन् तास बोलतो. माझ्या लेखी खरा प्रश्न इतकाच आहे, की ते तीन आठवडे कुणाच्या वाट्याला येतात. पलावाच्या मुलीला मोबाइलचं अ‍ॅप आठवडा सांगतं, तारीख लावून देतं. रस्ता ओलांडला की दोनशे पावलांवर राहणारीला पाळी कधी चुकली तेही आठवून सांगावं लागतं.

त्याच पलावाची एक मुलगी, पहिलंच. तेराव्या आठवड्यात पाणी साडेपाच मिलिमीटर. वारेचा तुकडा तपासला. १८ वं गुणसूत्र तीन. ती आणि नवरा दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत, मग तिने गर्भ काढून टाकला, कायद्यात बसतं तसं, वेळेत. पुढच्या खेपेला आली तेव्हा पडद्याकडे बघेना. भिंतीकडे तोंड करून पडून राहिली आणि म्हणाली, "आधी माप सांगा, मग बघते." १.४, म्हटलं. तरी ती लगेच वळली नाही. मी प्रोब तसाच ठेवून थांबले. केलं ते बरोबर का, असं तिने कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर हो म्हणाले असते.

आणि जिने बाळ ठेवलं तीही येते. डोंबिवली पूर्वेची बाई, पोळीभाजी केंद्र चालवते. पहिला मुलगा आठ वर्षांचा, डाउन सिंड्रोमचा. तेव्हा कुठलीच तपासणी झाली नव्हती, तो जन्मल्यावर कळलं. हृदयाची शस्त्रक्रिया झालेली, छातीवर उभा व्रण. २०१४ साली 'यलो' आला होता, पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ हिच्यावरचा, तिने स्वतःच भूमिका केलेला. तो सिनेमा या बाईला तोंडपाठ आहे. पण ती त्यावर विसंबून नाही. "पोहण्याचं सोडा हो, याला साबण डोळ्यांत जाऊ न देता अंघोळ करता आली तरी मी जिंकले," म्हणते. आता दुसऱ्यांदा दिवस राहिले होते. अशा बाईला पुन्हा तसंच मूल होण्याचा संभव वयामुळे असेल त्याहून थोडा अधिक, तरुण असेल तर शंभरात एक असा धरतात. मी तिला सगळे पर्याय सांगितले, रक्ताची ती महाग तपासणीही सांगितली, ज्यात आईच्या रक्तात फिरणारे बाळाचे अंश मोजतात. हाँगकाँगच्या डेनिस लो यांना १९९७ मध्ये ते अंश आईच्या रक्तात सापडले होते. तिने पदराने घाम पुसला. "ते सगळं राहू द्या. हृदय तेवढं नीट बघा. ऑपरेशनच्या वेळचे ते अकरा तास मला परत नको आहेत. बाकीचं मला येतं."

पाचव्या महिन्यात ती पोराला घेऊनच आली, सांभाळायला कुणी नव्हतं म्हणून. तो आधी खिडकीत उभा राहून कंटेनरांचे रंग ओरडून सांगत होता. मग पलंगाशी आला, आईच्या पोटावरची जेल बोटाने उचलून स्वतःच्या पोटाला फासली आणि शर्ट वर धरून रांगेत उभा राहिला. आईच्या पोटातल्या बाळाच्या हृदयाचं चित्र मी घेतलं होतं. चार कप्पे वेगळे, मधला पडदा पुरा. तेव्हा मला घाई नव्हती. मी त्याला पलंगावर चढवलं आणि छातीवर प्रोब ठेवला. पडद्यावर त्याचं शिवलेलं हृदय उघडमीट करायला लागलं. "माझं?" त्याने विचारलं. तुझंच, म्हटलं.

रिसेप्शनची मुलगी दारातून डोकावली. नवीनच लागलेली, नियम पाठ केलेले. "मॅडम, याचा एफ फॉर्म भरायचा का?"

मी काही बोलायच्या आत त्याची आई हसत म्हणाली, "भरा की. आणि अंगठ्याची शाई काढू नका, त्याला सही येते."